काटेसाहेबांचं उतरलेलं वजन

काटेसाहेबांनी साखर सोडली ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. फक्त शेजारच्या वहिनींना सांगितली होती, आणि तीही जिन्यात, हळू आवाजात. संध्याकाळी तळमजल्यावरच्या धोब्याने इस्त्री थांबवून विचारलं, "साहेब, फिकाच चहा का आता?" तेव्हा त्यांना कळलं, की आता माघार नाही.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातल्या दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर नोटीस द्यायची. हे काम इतकी वर्षं केल्यावर मूळ आडनाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं आणि बाजार त्यांना काटेसाहेब म्हणू लागला. त्यांच्या हाताची ख्याती होती. बिस्किटाचा पुडा नुसता तळहातावर ठेवून ते म्हणत, "पाच ग्रॅम कमी." आणि पाच ग्रॅम कमीच निघत. अशा माणसाला स्वतःचं वजन वाढल्याचा पत्ता लागू नये, याला काय म्हणावं? पण दिव्याखालीच अंधार असतो.

पत्ता लावला लेकीने, तोही दुसऱ्या गावाहून. काटेसाहेब तिच्याशी फोनवर बोलत होते. तिला चेहरा दिसावा म्हणून फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता. बोलता बोलता ते बुटाची नाडी बांधायला वाकले. लेकीला समोरची खुर्ची रिकामी दिसली आणि खालून कण्हण्याचा आवाज आला.

"बाबा! काय झालं? पडलात का?"

"काही नाही. नाडी बांधतोय."

"मग कण्हताय कशाला?"

"दोन बूट आहेत ना."

लेक हसली नाही. तिने त्यांना उभं राहायला लावलं, बाजूने वळायला लावलं, आणि मग जे बोलली ते अगदी तिच्या आईच्या आवाजात बोलली. "हे बघा, आई गेल्यापासून तुम्ही नुसते फुगत चालला आहात. तुमची साखर तपासायला सांगितली, ती तुम्ही तपासली नाहीत. महिन्याने मी येते आहे. तोवर वजन उतरलेलं दिसलं नाही, तर घराला कुलूप लावायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. कायमचं."

"अगं, पण कुंड्यांना पाणी..."

"कुंड्याही घेऊन येऊ."

लेक चांगली होती, जावई चांगला होता, त्यांच्याकडे एक खोली रिकामी होती. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. खरं कारण एवढंच होतं, की या घरात बायकोचं शिवणयंत्र खिडकीशी होतं आणि त्याच्या सुईत अजून निळा दोरा होता. यंत्र उचलून नेता आलं असतं. ती खिडकी कशी नेणार? पण असं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "महिन्याने ये. साखर सोडतो."

साखर सोडायचं ठरलं, कारण सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं. जेवण त्यांचं बेताचं. भानगड होती ती चहाची, आणि तिची हकिगत थोडं मागे जाऊन सांगायला हवी.

बायको असताना चहा तिने करायचा. ती कप भरायची, त्यात चमचा घालून तीनदा वाजवायची आणि कप पुढे करायची. टिंग, टिंग, टिंग झालं की काटेसाहेब वर्तमानपत्र खाली ठेवत. त्यांना दोन चमचे साखर लागते हे सगळ्या घराला पाठ होतं. ती गेल्यावर त्यांनी स्वतः चहा करून पाहिला, अगदी दोन चमचे साखर घालून. तिच्यासारखा लागेना. चहाची पूड बदलून पाहिली. भांडं बदलून पाहिलं. दूधवाल्याशी भांडून पाहिलं. "तुमचं दूध पूर्वीचं राहिलं नाही." दूधवाला म्हणाला, "साहेब, गाय तीच आहे, मीही तोच आहे. तुम्हीच जरा जाड झालात." चहात काहीतरी चुकतंय हे त्यांना कळे, काय चुकतंय ते कळेना. आणि चहा जमला नाही, की माणूस काय करतो? साखर घालतो. दोनाचे तीन चमचे झाले, तिनाचे साडेतीन. एका कपाने समाधान होईना म्हणून दुसरा, आणि दुसऱ्याबरोबर बिस्किटं.

तेव्हा पहिल्या सकाळी त्यांनी बिनसाखरेचा चहा केला, एक घोट घेतला आणि तो कुंडीत ओतला. कुंडीतलं रोप त्या दिवशी जरा मलूल वाटलं.

बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, साखर सोडलीत ते उत्तम केलंत. आता मध घ्या."

"मध गोड असतो, वहिनी."

"असू दे की. पण ती साखर नव्हे." आणि त्यांनी एक केकही दिला. त्यात साखर अजिबात नव्हती. नुसता खजूर, मनुका, अंजीर आणि वरून मध. काटेसाहेबांनी तळहातावर तुकडा तोलला आणि ओळखलं, की साखरेने यापेक्षा कमी नुकसान केलं असतं.

वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांनी काटेसाहेबांना जिन्यात गाठून एका पायरीवर उभं केलं आणि स्वतः दोन पायऱ्या वर उभे राहिले, कारण वर उभं राहिल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. "जीभ ही वर्गातल्या मागच्या बाकासारखी असते," ते म्हणाले. "तिच्याकडे लक्ष दिलंत की चेकाळते. दुर्लक्ष करा." त्यांच्या खिशातून चॉकलेटचा कागद डोकावत होता. काटेसाहेबांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

त्यातच त्यांना खोकला झाला. औषधाच्या दुकानात त्यांनी बाटली घेतली आणि सवयीप्रमाणे भिंग काढून बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. औषधात साखर निघाली. दुसरी बाटली मागवली. तिच्यात जास्त निघाली. मागे रांग वाढत गेली. कुणीतरी ओरडलं, "अहो, औषध घ्यायचंय की परीक्षेला बसायचंय?" औषधवाला खूप सोसून म्हणाला, "साहेब, या बाटलीने वर्षभरात कुणी जाड झाल्याचं ऐकलं नाही." पण काटेसाहेब तत्त्वाला चिकटून राहिले आणि तत्त्व त्यांच्या छातीला. आठवडाभर ते खोकत होते.

कचेरीत तर नोकरीवरच बेतायची वेळ आली. मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाचा केक कापला गेला. काटेसाहेबांनी हात जोडून नकार दिला. सगळ्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात मोठ्या साहेबांनी त्यांचा एक अहवाल परत पाठवला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी त्यांना आत बोलावणं आलं. मोठे साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले, "मतभेद असतात. कामात असतात. पण माणसाने ते केकपर्यंत आणू नयेत." काटेसाहेबांनी साखरेची सगळी हकिगत सांगितली. ती इतकी खोटी वाटली, की शेवटी त्यांनी एक तुकडा मागून घेतला, रुमालात बांधला आणि घरी जाऊन धोब्याला दिला.

आता प्रश्न राहिला वजनाचा. लेकीला दाखवायचं तर वजन मोजलं पाहिजे. घरात न्हाणीघरात एक छोटा काटा होता, पण तो स्प्रिंगचा. स्प्रिंगच्या काट्यावर काटेसाहेबांचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते तो काटा म्हणजे समोरचा माणूस पाहून बोलणारा साक्षीदार. म्हणून ते कचेरीतल्या भांडारपालाकडे गेले. भांडारात खात्याचा प्रमाण काटा होता, ज्याच्यावरून बाकी सगळे काटे तपासतात. भांडारपाल त्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेला. तो म्हणाला, "देतो की. पण यावर काय ठेवलं ते लिहावं लागतं. काय लिहू?"

"माझं नाव लिही."

"नाव नाही चालत. मालाचा प्रकार लागतो. धान्य, धातू, द्रव, इतर."

"मग इतर लिही."

"इतर लिहिलं तर 'इतर'चा तपशील जोडावा लागतो आणि वर मोठ्या साहेबांची सही." मोठ्या साहेबांचं नाव निघताच काटेसाहेब मागे फिरले. भांडारपाल दयेने म्हणाला, "मन वाईट करून घेऊ नकोस. नियमात माणूस हा माल नाही, एवढंच."

अखेर ते गेले धान्यवाल्याकडे. त्याच्या दुकानात मागच्या बाजूला पोती तोलायचा जुना लोखंडी काटा होता. खाली फळी, वर दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. दांडीच्या टोकाला एक छोटा स्क्रू. काटा रिकामा असताना दांडी सरळ राहावी म्हणून तो कमीजास्त करायचा. या काट्यावर काटेसाहेबांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला होता. बूट काढून ते फळीवर चढले. धान्यवाल्याने वजन सरकवलं. एक्याण्णव किलो.

"काय साहेब, इतका चेहरा पाडलात?" धान्यवाल्याने विचारलं. काटेसाहेबांनी मग त्याला लेकीचं सगळं सांगितलं. घराला कुलूप, कायमचं जाणं, सगळं. का सांगितलं कोण जाणे. पोत्यांमध्ये उभं राहून माणूस जे बोलतो ते दिवाणखान्यात बोलत नाही.

पुढच्या आठवड्यात एकोणनव्वद भरले. त्याच्या पुढच्या आठवड्यात सत्त्याऐंशी. मग पंच्याऐंशी! काटेसाहेबांना आकाश ठेंगणं झालं. ते हलक्या पावलाने जिना चढू लागले, आणि वर पोचल्यावर धाप लागली तर ती आनंदाची समजू लागले. पँट अजून कमरेत अडत होती, पण त्यांनी त्याचा दोष धोब्याला दिला. "कपडे आटवतोस तू." धोबी बिचारा केकच्या उपकाराखाली गप्प बसला. कचेरीत तर ते आता स्वतःच सल्ले देऊ लागले. भांडारपालाला म्हणाले, "सोडून बघ एकदा. निर्धार लागतो रे, दुसरं काही नाही." खोकला थांबला होता. चहासुद्धा आताशा कुंडीत ओतावासा वाटत नव्हता. उलट त्याची चव कसली तरी ओळखीची वाटे, पण कसली ते आठवत नसे. त्यांनी फार विचार केला नाही. विजयी माणसं विचार करत नाहीत.

लेक यायला दोनच दिवस उरले होते. वहिनी डोळे मोठे करून आल्या. "भाऊजी, तुमच्या त्या धान्यवाल्याला काय झालंय? पंचवीस किलो पीठ आणलं. दोन्ही डबे भरले, वर बादली भरली, तरी उरलं! तिथे तर जत्रा लोटलीय माणसांची."

काटेसाहेबांच्या हातातला कप हवेतच राहिला. उभ्या नोकरीत माप कमी दिल्याच्या तक्रारी त्यांनी हजार ऐकल्या होत्या. जास्त दिल्याची ही पहिली.

दुकानापुढे खरोखरच गर्दी होती. धान्यवाला घामाघूम झाला होता. काटेसाहेब गर्दी सारून मागे गेले. काट्यावरचं पोतं त्यांनी खाली उतरवायला लावलं आणि रिकाम्या काट्याकडे पाहिलं. दांडी सरळ नव्हती. एक टोक खाली लटकलं होतं. स्क्रू जवळजवळ सगळा फिरवलेला होता. काटा पाच किलो कमी दाखवत होता.

आधी रिकामा काटा पाहायचा, मग माल ठेवायचा. हा या धंद्यातला पहिला धडा. नव्या निरीक्षकांना काटेसाहेब स्वतः तो शिकवत. आणि गेले तीन आठवडे ते धावतपळत येऊन थेट फळीवर चढत होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

धान्यवाल्याने मान खाली घातली. "तुम्ही यायच्या आधी फिरवायचो, साहेब, आणि तुम्ही गेलात की परत जागेवर आणायचो. या खेपेला गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं."

"पण का?"

"पहिल्या दिवशी तुमचं तोंड पाहवेना. रडवेले झाला होतात."

"मी रडवेला नव्हतो."

"बरं, नव्हता. पण मला वाटलं, माणूस घर सोडून जाणार, तेही चार किलोंपायी."

काटेसाहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग म्हणाले, "नोटीस द्यावी लागेल."

"जास्त दिल्याबद्दल? साहेब, आजवर कुणी जास्त दिल्याबद्दल नोटीस खाल्लीय का?"

"काटा जास्त दाखवो की कमी, खोटा तो खोटाच."

धान्यवाला जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मग एक करा. ताई येईपर्यंत राहू द्या. त्यांना इथे आणा, पंच्याऐंशी दाखवा, गाडीत बसवून द्या. मग खुशाल नोटीस द्या. हसत दंड भरतो."

काटेसाहेबांचा हात क्षणभर स्क्रूवरच थांबला. त्या क्षणात त्यांनी शिवणयंत्र पाहिलं, खिडकी पाहिली आणि लेकीकडची ती रिकामी, स्वच्छ, चांगली खोली पाहिली. हा क्षण त्यांनी पुढे कुणाला सांगितला नाही. मग त्यांनी स्क्रू फिरवला. दांडी सरळ झाली. बूट काढले, फळीवर चढले आणि म्हणाले, "वजन सरकव. खरं."

नव्वद किलो. महिनाभर खोकून, मोठ्या साहेबांना दुखवून आणि सगळ्या इमारतीत शोभा करून घेऊन एक किलो. काटेसाहेबांनी नोटीस लिहिली. सही करताना त्यांचा हात जड झाला होता. निदान त्या हाताचं वजन तरी नव्वदातच धरलेलं होतं.

लेक सकाळी आली. आल्याआल्या तिने त्यांना उभं केलं, बाजूने वळवलं. "किती?"

"नव्वद."

"आणि आधी?"

"एक्याण्णव." मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली, कारण वहिनी तशीही सांगणार होत्या. लेक ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. हसू दाबायचा तिने प्रयत्न केला, पण 'मालाचा प्रकार इतर'पाशी तिला ते आवरलं नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "पण बाबा, ठरलं ते ठरलं."

"ठरलं ते ठरलं," काटेसाहेब म्हणाले. "माप म्हणजे माप. चहा घेतेस?"

ते स्वयंपाकघरात गेले. दोन कप भरले. लेकीच्या कपात साखर घातली. स्वतःच्या कपात घालायची नव्हतीच. पण हात रिकामे राहवेनात म्हणून त्यांनी त्यात नुसता चमचा फिरवला आणि कडेवर वाजवला. टिंग, टिंग, टिंग.

मागे लेक दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"आईचं. चमच्याचं."

"कुठल्या चमच्याचं?"

"म्हणजे कुणी सांगितलंच नाही," लेक म्हणाली. ती खाली स्टुलावर बसली. "डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, की यांची साखर वाढायला लागलीय, गोड बंद करा. ती मला म्हणाली, 'तुझ्या बाबांना सांगितलं तर महिनाभर घर डोक्यावर घेतील आणि सगळ्या इमारतीला कळेल.' मग तिने दोनाचा दीड केला. मग एक. मग अर्धा. शेवटी शेवटी काहीच घालत नव्हती. नुसता चमचा वाजवायची. सहा वर्षं, बाबा. मला शपथ घातली होती तिने."

काटेसाहेबांनी कप उचलला. एक घोट घेतला. मग दुसरा. आणि गेले कित्येक दिवस जी चव ओळखीची वाटत होती ती कसली, ते त्यांना कळलं. वर्षभर तो चहा शोधत त्यांनी पूड बदलली, भांडी बदलली, दूधवाल्याच्या गाईवर संशय घेतला, चमच्यावर चमचे साखर ओतली, आणि दर चमच्यागणिक ते त्यापासून लांब गेले. आता तो समोर होता. तसाच.

त्यांनी आणखी एक घोट घेतला. खिडकीशी शिवणयंत्राच्या सुईतला दोरा वाऱ्याने हलत होता.

शेवटी काटेसाहेब म्हणाले, "पाच ग्रॅम ओळखतो मी. तळहातावर."

"हो बाबा."

"सगळा बाजार टरकतो मला. आणि माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर, सहा वर्षं मापात पाप!"

"रागावलात आईवर?"

"रागावून काय करू? नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू?" ते हसले, आणि हसता हसता त्यांनी धोब्याने 'आटवलेल्या' शर्टाची बाही डोळ्यांना लावली.

लेक उठली. तिने ओट्यावरची साखरेची बरणी उचलली, तिचं झाकण घट्ट लावलं आणि ती बरणी आपल्या पिशवीत टाकली. "कुलपाचं पुढच्या खेपेला बघू," ती म्हणाली. "महिन्याने परत येते. पण तोवर चहा असाच प्यायचा. रोज."

"रोज," काटेसाहेब म्हणाले. आणि मग, चहा संपत आला होता तरी, त्यांनी कपात पुन्हा चमचा घालून तीनदा वाजवला.